नोकरी तीन महिन्यांची, हिशेब आयुष्याचा

मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते, त्या काळी भल्या पहाटे गिरणीच्या दरवाजाशी काही माणसे रोज ताटकळत उभी असत. त्यांना ‘बदली कामगार’ म्हणत. एखादा कायम कामगार आजारी पडला, गणपतीला कोकणात गेला किंवा नुसताच गैरहजर राहिला, की त्याच्या जागी त्या पाळीपुरते काम या बदलीवाल्यांपैकी कोणाला तरी मिळे. कोणाला मिळायचे हे बऱ्याच अंशी जॉबरच्या मर्जीवर असे. मर्जी नसली तर डबा तसाच घेऊन माणूस खोलीवर परते.

गिरण्या गेल्या, जॉबरही गेला. बदली कामगार मात्र गेला नाही, त्याचे नाव तेवढे बदलले. तो आज भिवंडीच्या गोदामात माल मोजतो, चाकणच्या कारखान्यात जुळणीच्या कामावर असतो, हिंजवडीतील कार्यालयात संगणकावर नोंदी करतो किंवा दिवाळीच्या हंगामात मॉलमधील दुकानात ग्राहकांना कपडे दाखवतो. त्याच्या गळ्यात एका कंपनीचे ओळखपत्र असते आणि पगार दुसऱ्याच संस्थेच्या खात्यातून येतो. या दुसऱ्या संस्थेला स्टाफिंग एजन्सी, मनुष्यबळ पुरवठा संस्था किंवा सरळ ‘कंत्राटदार’ म्हणतात.

शहरातील हजारो तरुणांची पहिली नोकरी आता अशाच एजन्सीमार्फत लागते. बाळंतपणानंतर पुन्हा काम शोधणाऱ्या स्त्रिया, परीक्षांच्या मधल्या काळात चार पैसे मिळवू पाहणारे विद्यार्थी, एक नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंतचे दिवस भरून काढणारे मध्यमवयीन, अशा अनेकांना हा मार्ग सोयीचा वाटतो. तो सोयीचा आहेही. मात्र काम तात्पुरते असले तरी त्यातून उभे राहणारे हक्क तात्पुरते नसतात. त्यांची नोंद नीट ठेवली तर तुकड्यातुकड्यांच्या नोकऱ्यांची बेरीज होते. नाही ठेवली, तर दहा वर्षे राबूनही माणूस कागदावर पहिल्याच दिवशी उभा असतो.

कल्पना मूळची अमेरिकेची

या व्यवसायाचे आधुनिक रूप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत आकाराला आले. १९४६ साली डेट्रॉइट शहरात विल्यम रसेल केली यांनी आणि १९४८ साली मिलवॉकी येथे एल्मर विंटर व आरन शाइनफेल्ड या दोन वकिलांनी अशा संस्था सुरू केल्या. कार्यालयांना टंकलेखक, कारकून, हिशेबनीस काही दिवसांपुरते हवे असत. त्यांना कायम नोकरीवर न घेता हवे तेवढे दिवस माणूस पुरवायचा आणि त्याचे बिल लावायचे, अशी ही साधी कल्पना होती. केली सर्व्हिसेस आणि मॅनपॉवर ही त्या दोन संस्थांची नावे पुढे जगभर पसरली.

आपल्याकडे नोकरी शोधणे म्हणजे सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून ‘कॉल’ची वाट पाहणे, असे समीकरण बराच काळ होते. आर्थिक उदारीकरणानंतर दूरध्वनी, बँका, विमा, किरकोळ विक्री आणि माहिती तंत्रज्ञान या क्षेत्रांना थोड्या वेळात पुष्कळ माणसे हवी झाली आणि मागणी ओसरली की तितकीच माणसे कमीही करायची होती. तेथून पुढे स्टाफिंग एजन्सी हा मोठा संघटित व्यवसाय बनला.

दोन मालक, एक नोकर

नेहमीच्या नोकरीत दोनच पक्ष असतात, मालक आणि नोकर. एजन्सीच्या नोकरीत तीन असतात. काम ज्या कंपनीत चालते ती कायद्याच्या भाषेत ‘मुख्य मालक’. नेमणूकपत्र देणारी आणि पगार करणारी एजन्सी म्हणजे कंत्राटदार. आणि प्रत्यक्ष राबणारा तिसरा. हजेरी कंपनीतील साहेब घेतो, कामही तोच सांगतो, पण रजा, पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि राजीनामा यांचा व्यवहार एजन्सीशी असतो. यालाच बोलीभाषेत ‘ऑफ रोल’ नोकरी म्हणतात.

प्रक्रिया फारशी अवघड नसते. उमेदवार एजन्सीकडे बायोडेटा, शिक्षणाची प्रमाणपत्रे, आधार आणि पॅनची प्रत देऊन नाव नोंदवतो. कंपनीकडून मागणी आली की एजन्सी योग्य वाटणाऱ्या उमेदवारांना कळवते. पुष्कळदा अंतिम मुलाखत कंपनीच घेते. निवड झाली की एजन्सी नेमणूकपत्र देते. त्यात कामाचे ठिकाण, मुदत आणि वेतन असते. बहुतेक पत्रांत आणखी एक वाक्य असते आणि ते वाचण्याचे अनेक जण विसरतात. कंपनीने काम थांबवले तर ही नेमणूकही संपुष्टात येईल, अशा अर्थाचे ते वाक्य असते.

या एका वाक्यात आपल्याकडील व्यवस्थेचा सगळा कच्चेपणा आहे. जर्मनीत अशा संस्थेचा कर्मचारी दोन कामांच्या मधल्या काळात रिकामा बसला, तरी त्याचा पगार देण्याची जबाबदारी संस्थेवर राहते. युरोपीय संघाने २००८ साली काढलेल्या निर्देशानुसार तात्पुरत्या कर्मचाऱ्याला वेतन व कामाच्या मूलभूत अटी त्याच कामावरील कायम कर्मचाऱ्यासारख्याच असाव्यात, हे तत्त्व ठरले आहे, जरी त्याला अपवाद ठेवलेले आहेत. आपल्याकडे काम संपले की बहुधा पगारही संपतो.

पैसे जातात कोठे?

एजन्सीच्या नोकरीत सर्वांत जास्त गैरसमज पगाराबाबत होतात. ‘कंपनी माझ्यासाठी अमुक इतके देते आणि हातात तमुक इतकेच येतात, मधले एजन्सी खाते’, ही तक्रार सर्रास ऐकू येते. ती काही वेळा खरी असते, पण नेहमी नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊन हिशेब मांडता येईल.

महाराष्ट्रातील एका पुरुष कर्मचाऱ्याचे मासिक वेतन १५,००० रुपये आहे, असे धरू. भविष्यनिर्वाह निधीसाठी १२ टक्क्यांनी १,८०० रुपये, कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी म्हणजे ईएसआयसाठी ०.७५ टक्क्याने ११३ रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये, एवढी कपात होऊन त्याच्या हाती १२,८८७ रुपये येतात. आता दुसरी बाजू. मालकाच्या वाट्याचे भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० रुपये, त्या निधीशी जोडलेला विमा आणि प्रशासकीय खर्च यांचे १५० रुपये आणि ईएसआयचे ३.२५ टक्क्यांनी ४८८ रुपये मिळवले की कंपनीचा खर्च १७,४३८ रुपयांवर जातो. त्यावर एजन्सीचे सेवाशुल्क आणि एकूण बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर.

म्हणजे एजन्सीचे शुल्क आणि कर धरण्यापूर्वीच दोन आकड्यांत ४,५५१ रुपयांचे अंतर पडले. त्यातले ३,६०० रुपये भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तिवेतन योजनेत, तर ६०१ रुपये ईएसआयकडे जायला हवेत. तेव्हा हातात कमी का आले, एवढेच विचारून थांबता कामा नये. कापलेले पैसे माझ्या नावावर जमा झाले का, हे विचारायला हवे. पगारातून रक्कम कापली गेली आणि ती भरलीच गेली नाही, तर तो मधला पैसा खरोखरच गिळला गेला, असे म्हणता येते.

कायद्याचा आधार

कंत्राटी कामाच्या कायद्याची एक वाट मुंबईतूनच गेली आहे. तुर्भे येथील स्टॅन्डर्ड व्हॅक्युम कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात साफसफाई आणि देखभालीचे काम कंत्राटदाराकडे होते. ही पद्धत बंद करावी, अशी कामगारांची मागणी होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९६० साली न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. काम कायम स्वरूपाचे आणि रोजचे असेल, तर ते कंत्राटावर का करून घ्यावे, हा त्यातला मुख्य प्रश्न होता. पुढे १९७० साली कंत्राटी कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला.

तथापि कंत्राटी काम म्हणजे कायम नोकरीकडे जाणारी हमखास वाट, ही समजूत न्यायालयाने २००१ मध्ये दूर केली. स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली, तरी त्या कामावरील कामगार आपोआप मुख्य मालकाचे कायम कामगार ठरत नाहीत. कंत्राट निव्वळ दिखाऊ होते असे सिद्ध झाले, तर गोष्ट वेगळी. म्हणून ‘सहा महिन्यांनी कंपनी परमनंट करून घेईल’ या तोंडी आश्वासनावर विसंबून कोणी अन्य संधी सोडू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७० च्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. कंत्राटी कामगारांविषयीची खास कलमे पूर्वी २० किंवा अधिक कंत्राटी कामगारांना लागू होत. ही मर्यादा आता ५० वर गेली आहे. त्यामुळे लहान कंत्राटदारांकडील अनेक जण त्या कलमांच्या कक्षेबाहेर जातात. ही संहितेची उणी बाजू होय.

जमेची बाजूही आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. हे तत्त्व जुन्या कायद्यातही होते आणि संहितेतही आहे. नोकरी सुटली किंवा सोडली, तर उरलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास त्याने केलेल्या कामाचे अनुभव प्रमाणपत्र कंत्राटदाराने द्यायचे आहे. पुढची नोकरी शोधताना याचे मोल फार, कारण ज्या कंपनीत प्रत्यक्ष काम केले तिच्या दफ्तरात उमेदवाराचे नाव बहुधा नसतेच.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. कंपनीने स्वतःच ठरावीक मुदतीचे नेमणूकपत्र दिले, तर ती ‘मुदतबंद’ नोकरी होय, एजन्सीची नव्हे. नव्या संहितेनुसार मुदतबंद कर्मचाऱ्याला त्याच कामावरील कायम कर्मचाऱ्याइतकेच लाभ आणि एका वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळू शकते. दोन्ही पर्याय समोर असतील, तर पत्राखाली सही कोणाची आहे हे आधी पाहावे.

तुकड्यांची बेरीज कशी होते?

तीन महिने एका एजन्सीकडे, पाच महिने दुसरीकडे, मध्ये दोन महिने घरी, अशा नोकऱ्यांची बेरीज करणारी दोन साधने आज उपलब्ध आहेत. पहिले आहे भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजेच ‘यूएएन’. २०१४ मध्ये ही पद्धत सुरू झाली. नोकरी बदलली तरी हा क्रमांक बदलत नाही. नव्या एजन्सीला जुना क्रमांक सांगितला, की नवी सेवा जुन्या सेवेला जोडता येते.

हे महत्त्वाचे का? मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत जाते आणि त्या योजनेतून मासिक निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. ही सेवा सलग असावी लागत नाही, एका मालकाकडचीही असावी लागत नाही. पण दर वेळी नोकरी सुटली की निवृत्तिवेतनाच्या हिश्शासह सगळे पैसे काढून घेणारा, किंवा दर एजन्सीत नवाच क्रमांक काढून घेणारा, स्वतःच्याच हाताने आपली बेरीज पुसून टाकत असतो. अडचणीच्या वेळी पैसे काढावे लागतात, हे खरे. मात्र केवळ थोडी रक्कम आहे म्हणून ती मोडू नये.

दुसरे साधन ईएसआयचा विमा क्रमांक. २०१७ मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कर्मचारी या योजनेत येतात. हा क्रमांकही एकदाच मिळतो आणि कायम राहतो. वैद्यकीय उपचारांचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि कामावर अपघात झाल्यास मिळणाऱ्या भरपाईसाठी आधी किती दिवस वर्गणी भरली, हे पाहिले जात नाही. आजारपणातील भत्त्यासाठी मात्र दिवस मोजले जातात.

तो हिशेब असा. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात. यांपैकी एका कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर त्यानंतरच्या ठरावीक सहामाहीत आजारपणाचा भत्ता मिळण्याची पात्रता येते. हा भत्ता वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. आता महिन्याचे २६ दिवस धरले, तर तीन महिन्यांत नेमके ७८ दिवस भरतात. आधीपासून विमाधारक असलेल्या एखाद्या तरुणीने ऑक्टोबर ते डिसेंबर असे तीन महिने काम केले, तर तिचे सर्व दिवस एकाच कालखंडात पडतात. तेच तीन महिने ऑगस्ट ते ऑक्टोबर असे असतील, तर ५२ दिवस एका कालखंडात आणि २६ दुसऱ्यात जातात. त्या कालखंडांत दुसरे काम केले नसेल, तर पात्रता हुकते. मध्ये एजन्सी बदलली म्हणून काही बिघडत नाही, विमा क्रमांक तोच हवा एवढेच.

माथाडींनी घालून दिलेला धडा

रोज नवा मालक असणाऱ्या माणसाचे हक्क जपणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राने फार पूर्वी उत्तर दिले आहे. बाजारपेठांत ओझी वाहणारा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि १९६९ साली राज्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यानुसार मालकांची आणि कामगारांची नोंदणी मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळात भरतो. त्यातून कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस यांची तरतूद होते. पुढे १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही राज्याने याच धर्तीवर कायदा करून मंडळाची वाट मोकळी केली.

माथाडी मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी झाल्या आहेत, त्यांच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्यांचा प्रश्नही आहे. तरीही त्यामागचे तत्त्व मोलाचे आहे. मालक रोज बदलला तरी हिशेब ठेवणारी जागा एकच राहिली, तर कामगार तग धरतो. एजन्सीच्या कर्मचाऱ्यामागे असे मंडळ नाही. त्याला ही वही स्वतःच सांभाळावी लागते.

सही करण्यापूर्वी

या वहीची सुरुवात नाव नोंदवतानाच होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ साली खासगी रोजगार संस्थांविषयी जो करार केला, त्यात काम मिळवून देण्यासाठी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, हे तत्त्व मांडले आहे. चांगल्या एजन्सी आपले शुल्क कंपनीकडून घेतात. नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश किंवा अनामत या नावांखाली उमेदवाराकडे आगाऊ पैसे मागितले गेले, तर तेथून उठून यावे, हे उत्तम. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची मागणीही नाकारावी, प्रती पुरेशा आहेत.

नेमणूकपत्र हाती आले की त्यात एजन्सीचे पूर्ण नाव व पत्ता, कामाचे ठिकाण, मुदत, पाळीचे तास, वेतनाची फोड, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाचा दर हे सर्व आहे का, हे पाहावे. सांगितलेला पगार हातात येणारा की मालकाच्या वर्गणीसह धरलेला, हे लेखी विचारावे. वरच्या उदाहरणात १७,४३८ आणि १२,८८७ हे दोन्ही आकडे एकाच नोकरीचे होते, याचा विसर पडू देऊ नये. काम अकस्मात थांबल्यास किती दिवसांची सूचना मिळेल, हेही आताच विचारण्यासारखे. नंतर विचारून उपयोग नसतो.

काम सुरू झाल्यावर दर महिन्याला पगारपत्रक घ्यावे आणि भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक पोर्टलवर उघडून त्या महिन्याची रक्कम जमा झाली का, ते तपासावे. पैसे जमा व्हायला थोडे दिवस लागतात, पण दोन-तीन महिने उलटूनही काही दिसत नसेल, तर एजन्सीला लेखी विचारणा करावी आणि उत्तर न आल्यास भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडे तक्रार नोंदवावी. पगार थकला तर मुख्य मालकालाही लेखी कळवावे. मुदत संपल्यावर अनुभव प्रमाणपत्र, शेवटचे पगारपत्रक आणि नेमणूकपत्राची प्रत या तीन कागदांशिवाय हिशेब पुरा झाला, असे समजू नये.

गिरणीच्या दारातील बदलीवाल्याला जॉबरच्या मर्जीपलीकडे काही दिसत नसे. आजच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याच्या हाती निदान दोन क्रमांक आणि तीन कागद असू शकतात. त्यांनी नोकरी कायम होत नाही, हे खरेच. परंतु केलेले काम वाया जात नाही. आणि तीन महिन्यांची नोकरी करणाऱ्याला एवढी खात्री मिळाली, तर चौथ्या महिन्यात नव्या दारात उभे राहताना त्याची मान थोडी ताठ राहते.